चौदा इंची बँडसॉ: निवड, जुळणी आणि निगा

बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या अखंड पट्टीसारख्या ब्लेडने लाकूड कापणारं मशीन) वाकडा कापतो, फळी मधे फुगवतो, ब्लेड तोडतो अशी तक्रार आली की दहापैकी आठ वेळा मशीन निर्दोष असतं. ब्लेड चुकीचं असतं, बोथट असतं, किंवा जुळणी उलट्या क्रमाने केलेली असते. त्यामुळे मशीनच्या किमतीत थोडी काटकसर चालेल, पण चांगल्या ब्लेडचे पैसे आणि जुळणीची अर्धी दुपार यांत काटकसर करू नका.

घेण्याआधी

आधी कायद्याचं. ओंडके चिरून देण्यासाठी बँडसॉ चालवणं म्हणजे आरागिरणी चालवणं, आणि महाराष्ट्रात तिला वन विभागाचा परवाना लागतो. चिरलेला माल विकत आणून फर्निचर किंवा खेळणी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी असते. तरीही पैसे देण्याआधी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा आणि लाकडाची बिलं जपून ठेवा.

बँडसॉचा आकार चाकाच्या व्यासावरून सांगतात. चौदा इंची म्हणजे ३५५ मिमी व्यासाची दोन चाकं. ब्लेडपासून खांबापर्यंत साधारण १३ ते साडेतेरा इंच जागा मिळते. दहा इंची मशीन छंदापुरतं ठीक आहे. अठरा इंचीला जागा आणि बहुधा थ्री-फेज जोडणी लागते. १० बाय १५ फुटांच्या खोलीत काम करणाऱ्याला चौदा इंची पुरतं.

यात दोन घराणी आहेत. जुन्या पद्धतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा असेल, तर ६ इंच उंचीचं लाकूड जातं. खांबात ६ इंचांचा ठोकळा घालून ही उंची १२ इंच करता येते, पण त्यामुळे स्प्रिंग आणि सांगाडा यांच्यावरचा भार वाढतो आणि रुंद ब्लेडला पुरेसा ताण देताना सांगाडा लवतो. पोलादी पत्रा वेल्ड करून केलेल्या सांगाड्याच्या मशीनला १० ते १३ इंच उंची मुळातच मिळते आणि ताणही जास्त सोसतो. मुख्य काम वळणं कापण्याचं असेल तर पहिलं घ्या. सागाच्या रुंद फळ्या उभ्या चिरून पातळ करायच्या असतील तर दुसरं.

मोटर ६ इंचांपर्यंत १ एचपी चालते, दीड एचपी आरामात. १० इंच सागवान चिरायचं तर २ एचपीच्या खाली जाऊ नका. दीड एचपीची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टला भाराखाली ८ ते ९ अँपिअर घेते, आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट. म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट, सी प्रकारचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), २.५ चौमिमी तांब्याची वायर आणि नीट अर्थिंग ठेवा. एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेली मोटर ‘जड’ चालते, कारण व्होल्टेज वाटेतच पडतं.

लाकडासाठी ब्लेडचा वेग मिनिटाला ३००० फूट, म्हणजे सुमारे ९०० मीटर, धरतात. चौदा इंची चाकाचा परीघ ४४ इंच. १४४० आरपीएमच्या मोटरवर ४ इंची पुली आणि चाकावर ७ इंची पुली असली की चाक ८२३ फेरे घेतं आणि वेग ३०१५ फुटांच्या आसपास येतो. परदेशातून कुणी ६० हर्ट्झचं मशीन आणलं असेल तर इथल्या ५० हर्ट्झवर ते एक षष्ठांश हळू चालेल. तिथे पुली बदलावी लागते आणि व्होल्टेजचा प्रश्न वेगळाच.

जुनं मशीन घेताना वरचं चाक हातात धरून पुढे-मागे हलवा. खडखड आली तर बेअरिंग गेलं. ते फार महाग नसतं, कड्यावरचा नंबर वाचून आणता येतं. वरच्या चाकाची सरकपट्टी आणि तिचा कंस मात्र नीट न्याहाळा. ओतीव कंसाला तडा असेल तर सरळ निघून या. ताणाची स्प्रिंग पूर्ण दाबली जाऊन तिची वेटोळी एकमेकांना टेकत असतील, तर पुढे कितीही चक्री फिरवा, ताण वाढत नाही. अशी स्प्रिंग बदलायचीच. गाईडचा, म्हणजे ब्लेडला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या भागाचा, दांडा पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन बघा. दोन्हीकडे तो ब्लेडपासून सारख्याच अंतरावर राहिला पाहिजे. टेबलावर पोलादी पट्टी आडवी ठेवून प्रकाश दिसतो का तेही पाहा.

ब्लेड

इथे घाई नको. ब्लेडची जाडी चाकाच्या व्यासाशी बांधलेली असते, कारण ते प्रत्येक फेरीत दोनदा वाकून सरळ होतं. २३७५ मिमी, म्हणजे साडेत्र्याण्णव इंची ब्लेड मिनिटाला सुमारे ३८५ फेऱ्या मारतं, म्हणजे साडेसातशेहून अधिक वेळा वाकतं. चौदा इंची चाकाला ०.५५ मिमी जाडी उत्तम, ०.६३ मिमी ही व्यवहारातली शेवटची मर्यादा. आरागिरणीवाल्याकडून ०.९ मिमीची पट्टी स्वस्तात कापून आणली, तर काही तासांत दातांच्या खाचेत तडे दिसू लागतील.

रुंदी ठरते वळणावरून. ३ मिमीचं ब्लेड ५ मिमी त्रिज्येचं वळण घेतं, ६ मिमीचं १६, १० मिमीचं ३७, १२ मिमीचं ६४ आणि १९ मिमीचं १३८ मिमीचं. खुर्चीच्या पायाला १० मिमी बस्स होतं. सावंतवाडीच्या खेळण्यांसारख्या कामाला, पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडात बारीक आकार काढायचे तर ३ किंवा ६ मिमी. चौदा इंची ओतीव मशीनवर १९ मिमी बसतं, पण त्याला लागणारा ताण बहुतेक मशीन देऊ शकत नाहीत. चिराईलाही १२ मिमीच घ्या. नीट ताणलेलं १२ मिमीचं ब्लेड ढिल्या १९ मिमीपेक्षा सरळ जातं.

दाते इंचाला किती हे लाकडाच्या जाडीवर. एका वेळी लाकडात निदान ३ दाते असावेत, पण फार गर्दीही नको, कारण भुसा खाचेत साठून बाहेर पडायला जागा उरत नाही. मग घर्षण वाढतं, काप काळा पडतो आणि ब्लेड बाजूला पळतं. ६ इंच सागाच्या चिराईला इंचाला ३ किंवा ४ दाते, पुढे झुकलेल्या हुक प्रकारचे. सर्वसाधारण कामाला ६. पाव इंची प्लायला १२ ते १४. सागासाठी बारा दात्यांचं ब्लेड ‘फिनिश चांगली येते’ म्हणून लावणारे बरेच आहेत. फिनिश रंध्याने येते, बँडसॉने नाही.

सागात सिलिका असते आणि ती साध्या कार्बन पोलादाच्या दात्यांची धार लवकर खाते. महिन्यातून दोन-चार फळ्या चिरणार असाल तर कार्बन ब्लेड घ्या, बोथट झालं की बदला. रोजचा साग असेल तर बायमेटल ब्लेड (पाठ लवचिक पोलादाची, दाते जास्त कडक पोलादाचे) कित्येक पट टिकतं. कार्बाईडचे दाते सगळ्यांत टिकाऊ, पण खिळ्याला लागले तर तेवढंच मोठं नुकसान. जुन्या वाड्याच्या तुळया आणि चौकटी चिरताना आधी लोहचुंबक फिरवा.

लांबी सांगताना अंदाज नको. वरचं चाक सरकण्याच्या मधोमध आणा, दोन्ही आसांमधलं अंतर मोजा, त्याची दुप्पट करा आणि त्यात चाकाचा परीघ मिळवा. आसांत ६३० मिमी असेल तर १२६० अधिक १११५, म्हणजे २३७५. वेल्ड करून आणलेलं ब्लेड दुकानातच तपासा. जोडावर बोट फिरवल्यावर उंचवटा लागता कामा नये आणि पाठ सपाट टेबलावर टेकवली की जोडाशी कोन दिसता कामा नये. जोड वेल्डिंगनंतर पुन्हा तापवून सावकाश थंड केलेला नसेल तर तो ठिसूळ राहतो आणि तिथेच तुटतो.

जुळणी

प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. टेबलाचं ग्रीस केरोसीनने पुसा, मशीन पक्क्या जमिनीवर डुगडुगणार नाही असं ठेवा. आता क्रम मोडायचा नाही: आधी ताण, मग ब्लेडची वाट (ते चाकावर नेमकं कुठून धावतं), मग टेबल, आणि गाईड सगळ्यांत शेवटी. पहिलं काम गाईडचं करणारे पुढे तासभर भांडत बसतात, कारण ताण बदलला की ब्लेड जागा बदलतं आणि गाईड पुन्हा लावावे लागतात.

दोन्ही गाईड, वरचे आणि खालचे, आणि मागची बेअरिंगं ब्लेडपासून लांब सरकवा. ब्लेड चढवा: दाते समोर, आणि टेबलाकडे खाली तोंड केलेले. दाते वर बघत असतील तर ब्लेड मोज्यासारखं उलटं करा. हातमोजे या एका कामापुरते घाला, चालू मशीनवर कधीच नाही.

ताण. मशीनवरची खूण ही स्प्रिंग किती दबली ते सांगते, ब्लेड किती ताणलंय ते नाही. घरगुती कसोटी अशी: वरचा गाईड टेबलापासून ६ इंच वर घ्या, मधोमध बोटाने साधा जोर लावा, ब्लेड ६ मिमीपेक्षा जास्त हलू नये. याहून खात्रीचा मार्ग डिजिटल व्हर्नियरचा. व्हर्नियर १५० मिमीवर उघडून त्याचे दोन जबडे दोन छोट्या क्लॅम्पनी ढिल्या ब्लेडला पकडवा, आकडा शून्य करा, मग ताण वाढवा. कार्बन ब्लेडला आकडा ०.०८ ते ०.१० मिमी वाढला की थांबा. बायमेटलला ०.१२ मिमीपर्यंत जाता येतं. पोलाद किती ताणलं गेलं तेच थेट मोजल्यामुळे ब्लेडच्या रुंदीप्रमाणे वेगळा आकडा लागत नाही. मशीन चालू करण्याआधी व्हर्नियर आणि क्लॅम्प काढायला मात्र विसरू नका.

ब्लेडची वाट. वरचं चाक हाताने सावकाश फिरवा आणि मागची तिरप्याची चक्री थोडी-थोडी वळवत ब्लेड चाकावरच्या रबरी टायरच्या मधल्या फुगीर भागावर आणा. १२ मिमी ब्लेड असेल तर दातांमधल्या खाचेचा तळ चाकाच्या मध्यावर येईल असं बसवा. ब्लेड पुढे किंवा मागे सरकलं तर त्याच्या तोंडाची दिशा बदलते, आणि वाकड्या कापाचं एक मोठं कारण तेच असतं. दहा-बारा फेऱ्या हाताने, मग दरवाजे बंद करून एक झटका मोटरचा, मग पूर्ण वेग. दोन्ही चाकं एका पातळीत आहेत का, हे लांब पट्टी दोन्ही कडांना लावून कळतं. फुगीर टायरच्या मशीनला थोडा फरक चालतो. ब्लेड मधे धावत असेल तर त्या फरकाच्या मागे लागू नका.

टेबल. गुण्या ब्लेडच्या अंगाला लावा, पण दात्यावर नाही, कारण दाते बाहेर वळलेले असतात. टेबल काटकोनात आणून खालचा बोल्ट त्याला टेकवा. मग खात्रीची कसोटी: ३ इंच जाडीच्या ठोकळ्यात सेंटीमीटरभर काप घ्या, मशीन बंद करा, ब्लेड पूर्ण थांबू द्या. तोच ठोकळा ब्लेडच्या मागे नेऊन, त्याच तळावर ठेवून, कापाचं तोंड ब्लेडच्या पाठीकडे करा. पाठ कापात अलगद शिरली तर टेबल काटकोनात. अडली तर चूक आहे, आणि इथे ती दुप्पट होऊन दिसते, म्हणून सापडायला सोपी.

आता गाईड. ८० जीएसएमचा साधा कागद ०.१ मिमी जाड असतो. ब्लेडच्या दोन्ही बाजूंना एकेक कागद लावून बाजूचे गाईड टेकवा, आवळा, कागद काढा. पुढे त्यांची कड खाचेच्या तळापासून जराशी मागे असावी. दाते गाईडमध्ये शिरले तर त्यांचं बाहेरचं वळण मोडतं आणि नवं ब्लेड पहिल्या मिनिटात निकामी होतं. मागच्या बेअरिंगला चारपदरी कागदाएवढं अंतर. ते रिकाम्या चालीत फिरायला नको, लाकूड लागलं की फिरायला हवं. खालचे गाईडही अगदी असेच. अंधारात, भुशात लपलेले असल्यामुळे ते वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. वरचा दांडा दरवेळी लाकडाच्या ५ मिमी वर आणा, त्याने काप सरळ येतो आणि उघडं ब्लेडही कमी राहतं.

सरळ चिराई

फेन्स, म्हणजे फळी सरळ सरकवण्यासाठी टेबलावर लावायची आधारपट्टी, टेबलाच्या खाचेला समांतर लावूनही ब्लेड फेन्सपासून लांब किंवा तिच्याकडे ओढलं जातं. याला कारागीर ब्लेड ‘पळतं’ म्हणतात. एका बाजूचे दाते जास्त वळलेले किंवा बोथट असले तर ते होतंच. आधी ब्लेडची वाट तपासा. तरी पळत असेल तर दोन फूट लांब, कड रंधलेली पट्टी घ्या, कडेला समांतर रेघ मारा आणि फेन्सशिवाय रेघेवरून एक फूट कापा. रेघ धरून ठेवायला पट्टी थोडी तिरपी करावी लागेल. त्याच स्थितीत थांबा, मशीन बंद करा, पट्टीच्या कडेची रेघ टेबलावर पेन्सिलने ओढा. फेन्स त्या रेघेला समांतर करा, किंवा टेबलाखालचे बोल्ट ढिले करून टेबलच तेवढं वळवा. ब्लेड बदललं की हे पुन्हा करावं लागेल.

चिरायची फळी आधी एक बाजू आणि एक कड रंधून घ्या. वेडीवाकडी फळी टेबलावर डुलते आणि ब्लेड आवळते. फेन्सला निदान ४ इंच उंचीची लाकडी पाठ लावा. फळी फेन्सला दाबून धरणारी दाबपट्टी ब्लेडच्या अलीकडे हवी, ब्लेडच्या रेषेत किंवा पलीकडे लावली तर ती काप मिटवून ब्लेड पकडते. ढकलण्याचा वेग आवाजावरून ठरवा: मोटरचा सूर उतरला तर जास्त होतोय, भुसा पिठासारखा निघतोय तर फारच हळू. शेवटचे दोन इंच ढकलकाठीनेच. ६ इंच सागाच्या फळीतून ३ मिमीचे पापुद्रे काढताना दरवेळी उरलेल्या फळीची बाजू पुन्हा रंधा, नाहीतर पहिल्या कापातली चूक पुढच्या प्रत्येकात उतरते.

काप मधे पोटासारखा फुगला, तर ताण कमी, ब्लेड बोथट, दाते जास्त किंवा ढकल जास्त, याच क्रमाने शोधा. काप सगळीकडे सारखा तिरपा असेल तर टेबल. ठरावीक अंतराने खाच उमटत असेल तर जोडाचा उंचवटा. टक्-टक् असा नियमित आवाज नव्याने सुरू झाला तर लगेच बंद करा: जोड तरी निघतोय किंवा खाचेत तडा गेलाय. वळणात अडकल्यावर चालू मशीनवर लाकूड मागे ओढलं की ब्लेड चाकांवरून उतरतं. त्याऐवजी आधीच टाकाऊ बाजूने आडवे काप घेऊन ठेवा, म्हणजे तुकडे आपोआप सुटत जातील.

दोन गोष्टींना सूट नाही. गोल दांडा व्ही-ठोकळ्याशिवाय कापायचा नाही, ब्लेड त्याला गरकन फिरवतं आणि बोटं सोबत नेतं. आणि बोटं ब्लेडच्या रेषेत, ३ इंचांच्या आत, कधीच नाहीत. सैल बाह्या, ओढणी, हातातले धागे-कडी काढून ठेवा.

निगा

काम संपलं की ताण अर्धा-पाऊण सोडा आणि चक्रीवर ‘ताण सोडला आहे’ अशी चिठ्ठी अडकवा. ताणलेलं ब्लेड आठवडाभर तसंच राहिलं तर रबरी टायरला खड्डा पडतो, स्प्रिंग थकते, आणि मग मशीन थरथरतं. थरथर आली की आधी पट्टा काढून मोटर एकटी चालवून बघा. मोटर शांत असेल तर दोष पट्ट्यात, पुलीत किंवा टायरमध्ये. बरेच दिवस एकाच जागी पडून राहिलेल्या व्ही-बेल्टला वळण बसतं, तो बदलला की निम्मी थरथर जाते.

खालच्या चाकाला भुसा चिकटून त्याचा थर होतो आणि ब्लेड वाट सोडतं. जुना ताठ ब्रश खालच्या पेटीत असा बसवा की चाकाच्या टायरला हलका टेकून राहील. टायर कडक, चिरलेले झाले तर बदला. युरेथेनचे टायर गरम पाण्यात भिजवले की ताणून चढवता येतात.

सागाचं तेल आणि डिंक दात्यांवर काळे साठतात, आणि पुष्कळदा लोक अशा ब्लेडला बोथट समजून फेकतात. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून ब्रशने घासा, लगेच कोरडं करून मशीनच्या तेलाचं बोट फिरवा. मग धार बघा. नखावर दाता टेकवला की रुतला पाहिजे, घसरला तर खरंच बोथट. दाते कडक केलेले असतील तर कानस नुसती घसरते, तिथे छोटा डायमंड दगड लागतो, आणि वेळेच्या हिशेबात नवं ब्लेड स्वस्त पडतं.

नव्या ब्लेडची पाठ चौकोनी असते आणि वळणात घासते. मशीन चालू ठेवून तेलदगड पाठीच्या दोन्ही कोपऱ्यांना मिनिटभर अलगद टेकवा, पाठ गोलसर होते. त्याआधी पेटीतला भुसा पूर्ण काढा, कारण ठिणग्या उडतात.

कोकणात जूनपासून ओतीव टेबल एका रात्रीत तांबूस होतं. मे महिन्यातच टेबल बारीक स्टील वूलने घासून मेणाचे दोन हात द्या. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागून पॉलिशमध्ये डोळे पाडतो. ब्लेडं तेलाचा हात देऊन, गुंडाळी करून, भिंतीला न टेकवता टांगा.

भुशासाठी खालच्या पेटीला ४ इंची नळी आणि टेबलाखाली, ब्लेडच्या अगदी जवळ, दुसरी. नुसती खालची नळी बारीक धूळ पकडत नाही. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात आहे, आणि सागाच्या व शिसवाच्या धुळीने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. नाकाला रुमाल बांधून ती अडत नाही, एन-९५ मास्क लावा. मशीन बंद केल्यावर हवेतली धूळ बसेपर्यंत तो काढू नका.